हौशी कार्यशाळेसाठी चांगली कॉलेट कशी निवडावीत

तीन मिलिमीटरचा, दोन धारांचा एंडमिल (मिलिंग मशीनचा कटर) पहिल्याच कटमध्ये तुटला की दोष बहुधा कटरला दिला जातो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा कटर धरणाऱ्या कॉलेटचा, म्हणजे आवळल्यावर मिटणाऱ्या खाचांच्या धातूच्या नळीचा असतो. प्रत्येक धारेने ०.०२ मिलिमीटर कापावे अशा बेताने फीड (कापताना पुढे सरकण्याचा वेग) ठेवली आहे आणि कटर फिरवताना डायल इंडिकेटरचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या घड्याळासारख्या उपकरणाचा) काटा ०.०२ मिलिमीटर हलतो आहे असे धरले, तर वाईटात वाईट स्थितीत एक धार ०.०४ मिलिमीटर कापते आणि दुसरी नुसती घासत राहते. म्हणजे एकीवर दुप्पट भार येतो. मोठ्या कटरला हे सोसते, बारीक कटरला सोसत नाही.

पहिला निर्णय प्रकाराचा. ईआर कॉलेट रेगो-फिक्स या स्विस कंपनीने १९७२ साली आणले आणि आज त्याचा आयएसओ १५४८८ हा प्रमाणित आकार आहे, त्यामुळे एका उत्पादकाचे कॉलेट दुसऱ्याच्या चकमध्ये (कॉलेट बसवायच्या धारकात) बसते. त्याला दोन्ही टोकांकडून आळीपाळीने खाचा असल्याने ते साधारण एक मिलिमीटरपर्यंत आवळले जाते. ५सी कॉलेट लेथवर जॉब (ज्यावर काम करायचे तो तुकडा) धरायला फार सोयीचे आहे, पण त्याची पकड नेमक्या मापापुरतीच असते आणि प्रत्येक व्यासासाठी वेगळे कॉलेट लागते. आर८ किंवा मोर्स टेपरचे कॉलेट थेट स्पिंडलमध्ये (यंत्राच्या फिरत्या दांड्यात) बसते; मध्ये चक नसल्याने चुकीची एक पायरी कमी होते, मात्र दर वेळी ड्रॉबार (कॉलेट मागून ओढून धरणारा लांब बोल्ट) सोडावा लागतो. माझ्या मते हौशी माणसाने सुरुवात ईआरपासून करावी. लहान मिलिंग मशीनवर ईआर२० पुरेसे आहे, कारण ते १ ते १३ मिलिमीटर धरते आणि त्याचा आवळायचा नट जॉबला आडवा येत नाही. लेथ आणि मिलिंग दोन्हींसाठी एकच संच हवा असेल तर २० मिलिमीटरपर्यंत धरणारे ईआर३२ घ्यावे.

अठरा नगांचा स्वस्त संच मोहात पाडतो. त्याऐवजी आपल्याकडच्या कटरच्या शँकची (धरायच्या गोल दांड्याची) मापे लिहून काढावीत. बहुतेकांचे काम ३, ४, ६, ८, १० आणि १२ या मापांतच आटोपते. तेवढीच कॉलेट चांगल्या दर्जाची घ्यावीत आणि वाचलेले पैसे चक व नट यांवर घालावेत, कारण वाकड्या नटाखाली उत्तम कॉलेटही वाकडेच आवळले जाते. शँक नेहमी कॉलेटच्या वरच्या मापाला धरावा. ६ मिलिमीटरचा शँक ७-६ च्या (७ ते ६ मिलिमीटर धरणाऱ्या) कॉलेटमध्येही आवळला जातो, पण तेथे कॉलेट पूर्ण चिमटले गेलेले असते आणि पकड व अचूकता दोन्ही घटतात. त्यासाठी ६-५ चेच कॉलेट हवे.

विक्रेता ०.००५ किंवा ०.०१५ मिलिमीटर असा रनआउटचा (फिरताना होणाऱ्या डगमगीचा) आकडा देतो, तेव्हा तो कॉलेटच्या तोंडापासून किती अंतरावर मोजला आहे हे विचारावे. अंतर दिले नसेल तर त्या आकड्यावरून दोन कॉलेटांची तुलना करता येत नाही.

कॉलेट हातात आल्यावर तेल पुसून उजेडात धरावे. बाहेरचा टेपर (निमुळता पृष्ठभाग) आणि आतला बोअर (भोक) एकसारखे ग्राइंड केलेले दिसले पाहिजेत, खाचांची रुंदी सारखी हवी, आणि खाचेच्या कडेवरून नख फिरवले असता ते कोठे अडकले तर तेथे बर (धातूची टोकदार कड) राहिली आहे असे समजावे.

मोजण्यापूर्वी कॉलेट नटात बसवण्याची पद्धत नीट समजून घ्यावी, कारण चांगली कॉलेट येथेच खराब होतात. कॉलेट थोडे तिरके धरून नटातील कड्यात दाबावे. टक असा आवाज होऊन ते बसले की मगच नट चकवर चढवावा. आधी कॉलेट टेपरमध्ये टाकून वरून नट फिरवला तर ते कड्यात न बसताच दाबले जाते, आणि नट सोडल्यावर टेपरमध्येच अडकून राहते.

आता मोजणी. प्रथम रिकाम्या स्पिंडलचा टेपर, मग चकचा आतला टेपर तपासावा. नंतर कॉलेटमध्ये कार्बाइड कटर उलटा धरून त्याच्या गोल शँकवर काटा लावावा आणि स्पिंडल हाताने फिरवावा. तोंडाजवळ आणि २५ मिलिमीटर बाहेर असे दोन आकडे घ्यावेत. दोन्ही सारखे आले तर केंद्र सरकलेले आहे. दुसरा मोठा आला तर शँक तिरका धरला गेला आहे. मग कॉलेट चकमध्ये ९० अंश फिरवून पुन्हा मोजावे: सर्वांत उंच ठिकाण कॉलेटबरोबर सरकले तर दोष कॉलेटचा, चकवर जागच्या जागी राहिले तर चकचा. चुकून एखादा बारीक चुरा टेपरमध्ये राहिला तरी आकडा बिघडतो, म्हणून प्रत्येक वेळी दोन्ही पृष्ठभाग पुसावेत आणि सोडून-आवळून किमान तीन वाचने घ्यावीत. तीन वाचनांत फार तफावत पडली, तर सरासरी कितीही चांगली असो, ते कॉलेट परत करावे.

शँक किंवा जॉब कॉलेटच्या बोअरमध्ये निदान दोन-तृतीयांश लांबीपर्यंत गेला पाहिजे. आखूड जॉब धरायचाच असेल तर मागच्या बाजूने त्याच व्यासाचा तुकडा घालावा, म्हणजे कॉलेट पुढूनच चिमटून वाकडे होत नाही.