ओव्हरटाइम बंद झाला तेव्हा घरखर्च कुठून कापला, आणि कुठून नाही कापला

नवरा चाकणला कंपनीत आहे. आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग एक शिफ्टच बंद झाली आणि हातात येणारा पगार पाऊण झाला, पण होम लोनचा हप्ता, शाळेची फी, सासूबाईंच्या गोळ्या सगळं होतं तेवढंच. तेव्हा मी पहिली चूक काय केली तर साखर मोजायला लागले. खरंच सांगते. भाजीवालीशी पाच रुपयांवरून वाद, मुलांचं चॉकलेट बंद, नवऱ्याचा टपरीवरचा चहा बंद, पंधरा दिवस घरात सगळे एकमेकांवर खेकसतायत आणि महिनाअखेरीस हिशोब केला तर वाचले सहाशे रुपये.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की जिथे रोज मन मारावं लागतं तिथून सुरुवात करू नका, जिथे एकदाच हात घातला की पुढे दर महिन्याला आपोआप पैसे वाचतात तिथे आधी जा.

पहिलं काम, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि पेन घेऊन बसा. नवरा-बायको दोघंही बसा, नाहीतर एकाला वाटतं दुसरा उधळतोय. जे पैसे कोणी न विचारता कापले जातात त्यांच्यावर गोल करा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे म्हणून एक जागा असते, तिथे आपण कधीतरी दिलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात, आमच्याकडे दोन ओटीटी आणि मुलाच्या शिकायच्या ॲपचे पैसे चालूच होते, ते ॲप त्याने आठ महिन्यांत उघडलंही नव्हतं. पाच मिनिटांत तिन्ही बंद केले.

मग लोन. यात सगळ्यात जास्त पैसा आहे आणि लोक याच्याच वाटेला जात नाहीत कारण बँकेत जायचा कंटाळा. क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरावी लागणारी रक्कम, तेवढीच भरून दिवस ढकलत असाल तर ते आधी थांबवा, त्यावर महिन्याला ३ ते साडेतीन टक्के व्याज लागतं म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के, आणि पूर्ण बिल भरलं नाही तर नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. एकीकडे कार्डाची थकबाकी आणि दुसरीकडे सहा-सात टक्क्यांची एफडी असली तर एफडी मोडा, जीव हळहळतो पण मोडा. एफडी नसेल तर बँकेतलं सोनेतारण कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं, फक्त ते सोडवायची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि ते पाच मिनिटांत पैसे देणारे लोन ॲप असतात ना, त्यांच्या तर सावलीलाही उभं राहू नका.

होम लोन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं, असेल तर व्याजदर सध्या किती लागतोय ते बघा. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो रेट (ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो) साडेसहावरून सव्वापाच टक्क्यांपर्यंत खाली आणला पण जुन्या पद्धतीच्या लोनवर तो फायदा आपसूक पोचेलच असं नाही. बँकेत जाऊन विचारायचं की नवीन ग्राहकाला काय रेट देता आणि मला का नाही, थोडी कन्व्हर्जन फी, म्हणजे दर बदलून द्यायची फी, घेऊन करून देतात. अजून एक, दर कमी झाला की बँका बऱ्याचदा हप्ता तेवढाच ठेवून मुदत कमी करतात. एरवी ते चांगलंच आहे पण हात तंग असताना आपल्याला हप्ता कमी हवा असतो, तो मागावा लागतो, लेखी अर्ज द्यावा लागतो. मी दिला. दोन चकरा झाल्या आणि एक दिवस वाया गेला, पण हप्ता उतरला.

आता लाईट बिल, माझा आवडता विषय. महावितरणचे घरगुती टप्पे १०० युनिटपर्यंत, मग ३००, मग ५००, मग त्याच्या वर असे आहेत. लोकांना वाटतं १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महाग होतं, तसं नाहीये, पहिली १०० स्वस्त दरानेच धरतात, वरच्यांना दुपटीच्या आसपास दर लागतो. म्हणजे तुमचं बिल २२० युनिटचं असेल तर तुम्ही जे युनिट वाचवाल ते महागातलं वाचतं. हे कळल्यावर मला हुरूपच आला.

कुठे वाचवायचं? दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास तापत राहिला की एक युनिट झालं. आमच्याकडे सकाळी सहाला चालू करून शेवटचा माणूस आठला आंघोळीला जायचा, तोवर तो गिझर परत परत तापत बसायचा. आता सगळ्यांच्या आंघोळी एकामागून एक, चालू करायचा, पाऊण तासात बंद. कुरकुर झाली, आठवड्यात सवय झाली. जुना पंखा ७५ वॅटचा असतो, दिवसाला चौदा तास फिरला तर महिन्याला तीसेक युनिट खातो आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, पंखा तेवढ्याच वेळात बाराच्या आसपास. पण म्हणून घरातले सगळे पंखे बदलायला धावू नका, ती बचत नाही खरेदी झाली. हॉलमधला पंखा जळला तेव्हा रिवाइंडिंगला न देता तेवढा एक बदलला, बाकीचे चालतायत तोवर चालू देत. एसी असेल तर २४ च्या खाली नेऊ नका आणि सोबत पंखा लावा. आणि बिल लवकर भरलं तर किती कमी भरायचं हे बिलावरच छापलेलं असतं, ती तारीख पाळा, थोडेच असतात पण फुकट मिळतात.

गॅस. सिलिंडर घेताना वजन करून मागायचा आपल्याला हक्क आहे, रिकाम्या सिलिंडरचं वजन वरच्या कड्याजवळ लिहिलेलं असतं त्यात १४.२ किलो मिळवा, तेवढं भरलं पाहिजे. घरपोच आणायचे पैसे बिलातच धरलेले असतात. ज्योत पिवळी दिसली की बर्नर चोंदलाय, सुईने भोकं साफ करा. डाळ-तांदूळ अर्धा तास आधी भिजवायचे, कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे एकदमच लावायचे, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. आई आयुष्यभर हेच सांगत होती आणि मी मोठ्या गॅसवर सात शिट्ट्या घेत होते!

किराणा घेताना पाकिटाची किंमत बघू नका, त्यावर बारीक अक्षरात प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलीची किंमत छापलेली असते ती बघा. तेलाच्या पिशव्यांमध्ये तर हमखास फसायला होतं. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम, पण शेजारी तशीच दिसणारी पिशवी आठ-साडेआठशे ग्रॅमची निघते आणि आपण दहा रुपये स्वस्त म्हणून तीच उचलतो. मोठं पाकीट स्वस्तच असतं असंही नाही. वर्षाचे गहू-ज्वारी उन्हाळ्यात भरणं फायद्याचं खरं, पण एकदम पैसे नसले तर उधारीवर भरू नका, मी आणि जाऊबाईंनी मिळून एक कट्टा घेतला, अर्धा अर्धा वाटला. भाजी महागली की मटकी, चवळी, हुलगे मोड आणून. बाजारात संध्याकाळी उशिरा गेलं की पालेभाजी पडेल भावात मिळते, मात्र त्याच रात्री निवडून ठेवायची तयारी हवी, नाहीतर सकाळी कचऱ्यातच.

सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून (सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान) आणायला लागलो आणि तो खर्च निम्म्याहून खाली आला. डॉक्टरांना सांगून चिठ्ठीवर कंपनीचं नाव नाही तर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, म्हणजे दुकानात गोंधळ होत नाही, आणि गोळी बदलल्यावर पहिले काही दिवस बीपी तपासत राहा. त्यांचा फोन साधा बटणांचा, त्यावर आम्ही उगाच रोज दीड जीबी नेट भरत होतो. २०२५ च्या सुरुवातीपासून कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन ठेवावे लागतात, पण ते ॲपमध्ये तळाशी असतात, शोधून काढा.

माहेर साताऱ्याला आहे. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट, तर आता मी आणि सासूबाई एसटीने जातो, गाडीचं पेट्रोल आणि टोल दोन्ही वाचतं. मुलांची पुस्तकं बालभारतीच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये फुकट असतात, जास्तीची प्रत लागली तर तिथून काढतो.

आता काय कापलं नाही ते. मेडिक्लेम. नवरा म्हणत होता या वर्षी सोडू, मी भांडले. तो एकदा तुटला की नवीन घेताना जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचा खर्च मिळत नाही तो, पहिल्यापासून मोजतात, आणि तसंही २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ आणि लाइफ इन्शुरन्सवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय त्यामुळे हप्ता थोडा हलका झाला. जुनी एलआयसी पॉलिसी झेपत नसेल तर घाबरून सरेंडर करायच्या आधी ती पेड-अप होते का, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी रकमेवर चालू राहते का, ते शाखेत विचारा.

आणि रविवारची मिसळ. ती पण नाही बंद केली, फक्त चौघांत दोन प्लेट आणि जास्तीचे पाव घेतो, रस्सा काय परत मागितला की मिळतोच.