आबांचा ट्रॅक्टर घसरला तेव्हा
परभणी, मे महिना, पारा 43 वर. आबांच्या पंचाहत्तरीला मी ट्रॅक्टरचा केक करायला घेतला, म्हणजे हौसच! लाल क्रीम लावून झालं न् लाइट गेली. पंधरा मिनिटांत बोनेट घसरून चाकांवर आलं.

सगळं क्रीम खरवडून काढलं. 400 ग्रॅम डार्क चॉकलेट बारीक चिरून त्यावर 150 ग्रॅम गरम क्रीम ओतलं, पाच मिनिटांनी ढवळलं. चॉकलेट जास्त असलं की गनाश (हेच चॉकलेट-क्रीमचं मिश्रण) उन्हाळ्यात धरून राहतं. बोनेटखाली पुठ्ठा, पुठ्ठ्याखाली चार स्ट्रॉ उभे रोवले. चाकं चकल्यांची (आईची आयडिया). लाल रंग मात्र गेला तो गेलाच.

आबा वाकून बघत म्हणाले, “काळ्या रानात रुतून आलाय जणू. सायलेन्सर कुठंय पण?”

दालचिनीची कांडी खोचली.