हँगिंगची रोपं घरात तगत नाहीत? या चुका टाळा

नर्सरीत हिरव्या जाळीखाली भरगच्च लोंबणारा मनी प्लांट घरी आला की महिन्या-दोन महिन्यांत त्याच्या नुसत्या काड्या होतात. मग दोष पाण्याला, नाहीतर ‘माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत’ याला. माझ्या मते घोळ त्याच्या आधीच, हूक ठोकतानाच झालेला असतो. आपण कुंडी फार उंच टांगतो.

फ्लॅटमध्ये खिडकीची वरची कड साधारण सात फुटांवर असते आणि स्लॅब नऊ-दहा फुटांवर. आकाशाचा उजेड खिडकीतून खालच्या दिशेने आत येतो. म्हणजे खोली कितीही लख्ख दिसली तरी छताजवळची कुंडी अंधारातच. शिवाय गरम हवा वर साठते आणि पंख्याचा वारा पानं सुकवतो. अशा जागी दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, नवी पानं बारीक येतात, पिवळ्या नक्षीचा मनी प्लांट हळूहळू नुसता हिरवा होतो. हे दिसलं की खताची पुडी आणू नका, साखळी लांबवा. कुंडीचा काठ डोळ्यांच्या पातळीला आणि खिडकीपासून दोन-तीन फुटांच्या आत हवा. कुणाच्या डोक्याला लागू नये म्हणून येण्याजाण्याच्या वाटेवर न टांगता खिडकीच्या कोपऱ्यात टांगा.

खाली आणण्याचा दुसरा फायदा पाण्याचा. उंचावरच्या कुंडीत माती दिसत नाही, बोट पोचत नाही. मग ‘सोमवार-गुरुवार एक मग’ असा नेम सुरू होतो. जुलैतल्या मुंबईत या नेमाने मुळं कुजतात आणि एप्रिलमधल्या नागपुरात रोप तहानेने मरतं. त्यापेक्षा कुंडी तळहातावर तोलून बघा. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर थांबा.

नर्सरीतली बरीच रोपं जवळजवळ निव्वळ कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतात. कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की काठापासून सुटतं आणि पाणी धरत नाही. वरून ओतलेलं पाणी कडेने सरळ खाली येतं, थाळी भरते, आपण समाधानाने मग ठेवून देतो. आत मुळांचा गोळा कोरडाच असतो. अशी कुंडी उतरवून अर्धा तास पाण्याच्या बादलीत बसवा, बुडबुडे थांबले की निथळू द्या. सवडीने मिश्रणच बदला: माती, कोकोपीट, गांडूळखत आणि थोडं परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाड वाळू.

उलटा प्रकार त्या थाळीचाच. प्लॅस्टिकच्या हँगिंग कुंड्यांना खाली खटकन बसणारी थाळी असते. कुंडी वर असल्यामुळे थाळीत साचलेलं पाणी दिसत नाही आणि खालची मुळं त्यातच बुडून राहतात. पानं पिवळी पडतायत आणि माती ओलीच आहे, तर आधी ही थाळी काढून बघा. पाणी घालताना कुंडी मोरीत न्यावी, निथळल्यावर परत टांगावी. कंटाळवाणं आहे, पण फरशीही वाचते.

निवडीत डोळ्यांना भुलू नका. मण्यांच्या माळेसारखं स्ट्रिंग ऑफ पर्ल्स फोटोत गोड दिसतं, पण कोकण-मुंबईच्या पावसाळी दमटपणात फार लवकर सडतं. बोस्टन फर्नला हाच दमटपणा मानवतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मात्र त्याची पानं कुरकुरीत होतात. इंग्लिश आयव्ही थंड हवेची, तिच्या वाटेला न गेलेलंच बरं. सुरुवात मनी प्लांट, स्पायडर प्लांट किंवा सिंगोनियमने करा. ‘हवा शुद्ध करणारं’ म्हणून जास्त पैसे मोजू नका. या दाव्यासाठी ज्याचा दाखला देतात तो नासाचा 1989 चा गाजलेला अभ्यास बंद पेट्यांमध्ये झाला होता. घरातली हवा बदलायला खिडकी उघडणं कितीतरी परिणामकारक.

स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी होत असतील आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर असेल, तर बोअरच्या पाण्यातले क्षार साठलेत. पावसाचं पाणी भरपूर ओतून माती धुऊन काढा.

वेल वरून टकली आणि खाली लांबलचक झाली असेल तर बिनधास्त कापा. एक-दोन पेरं असलेले तुकडे पाण्यात ठेवले की काही आठवड्यांत मुळं फुटतात. ते त्याच कुंडीत मधोमध लावा. एकच बाजू झडत असेल तर दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवा.

हुकाबद्दल थोडक्यात: आठ इंची कुंडी भिजल्यावर सहज तीन-चार किलो भरते. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला ती अजिबात टांगू नका. स्लॅबमध्ये अँकर हूक बसवून घ्या.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात 5 मिली नीम तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. घरात मांजर असेल तर मनी प्लांटच्या लोंबत्या फांद्या तिच्या तोंडाशी येऊ देऊ नका. त्या चावल्या की तोंडाची आग होते, लाळ गळते, उलट्याही होतात. मांजरवाल्यांनी सरळ स्पायडर प्लांट लावावा. तो विषारी नाही, फक्त कुरतडला जाईल.