खडीचा ड्राइव्हवे पावसाळ्यात का खचतो? या चुका टाळा

मे महिन्यात खडीचा कुठलाही ड्राइव्हवे देखणाच दिसतो. मुंबईत पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत चाकांखाली दोन पन्हळी पडतात, फाटकाजवळ डबकं साचतं, खडीतून चिखल वर येतो. मग अर्धा ब्रास (५० घनफूट) खडी मागवून वरून ओतली जाते आणि पुढच्या पावसाळ्यात तीही जमिनीत जाते. बिघाड बहुतेक वेळा खालच्या थरात किंवा पाण्याच्या वाटेत असतो, त्यामुळे वरून कितीही भर घातली तरी पैसे मातीतच जातात.

रंग पाहून दगड निवडणं

नदीतले गुळगुळीत गोटे बागेच्या कडेला शोभतात, गाडीखाली ते टिकत नाहीत. गोल दगड एकमेकांत अडकत नाहीत, चाक फिरलं की सरकतात. पांढरे मार्बल चिप्स मऊ असतात. चाकाखाली त्यांची भुकटी होते आणि आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत त्यांच्यावर हिरवट शेवाळ चढतं. आपल्याकडचा फोडलेला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, कठीण आणि कोनदार असतो. त्याचे कोन एकमेकांत रुतून बसतात, म्हणून वरच्या थराला १२ ते २० मिमीची तीच खडी घ्या. ६ मिमीची ग्रिट चपलांना चिकटून थेट दिवाणखान्यात येते आणि ४० मिमीवर चालताना पाय मुरगळतो.

खडीचा डंपर रिकामा करण्याआधी दोन ओंजळी खडी बादलीत धुऊन बघा. पाणी चहासारखं झालं तर तो माल वरच्या थराला नको. चपटे, पापडीसारखे तुकडे बरेच दिसले तर तो परत पाठवा, कारण ते चाकाखाली मोडतात.

वरपासून खालपर्यंत एकच खडी

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. सगळीकडे २० मिमीची धुतलेली खडी टाकली की दगडांमधल्या पोकळ्या भरायला बारीक माल उरत नाही. कितीही दाबलं तरी थर सुटाच राहतो. पायाला ४० मिमीपासून भुकटीपर्यंत सर्व आकारांचा मिश्र माल लागतो. रस्त्याच्या कामात जीएसबी किंवा वेट मिक्स म्हणून वापरतात तोच. पैसे वाचवायला इथे डेब्रिज, म्हणजे पाडकामाचा मलबा, भरायचा मोह होतो. त्यातलं प्लास्टर आणि विटांचे तुकडे पाण्यात भिजून कुसकरतात आणि वर्षभरात जागोजागी खळगे पडतात.

मापं अशी. मुरमाड, घट्ट जमिनीवर ८ इंच खोदाई पुरते: ६ इंच पाया, २ इंच वरची खडी. मालाड किंवा गोराईच्या खाडीकाठच्या चिकट मातीवर नुसता पायाच १० ते १२ इंच धरा. पाण्याचा टँकर आत येणार असेल तर घट्ट जमिनीवरही तेवढाच, कारण १०,००० लिटरच्या टँकरमधलं पाणीच १० टन भरतं.

१० फूट रुंद आणि ३२ फूट लांब जागा म्हणजे ३२० चौरस फूट. ६ इंचांचा दाबलेला पाया १६० घनफूट होतो. दबाईत माल बसतो, म्हणून ३० टक्के जास्त धरला की २०८ घनफूट, म्हणजे दोन ब्रासपेक्षा किंचित जास्त. वरच्या थराला अर्धा ब्रास पुरतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेव्हा डंपरच्या हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत टेपने मोजा, गुणाकाराला १०० ने भागा आणि मगच चलनावर सही करा. पुरवठादार नाराज झाला तर होऊ द्या.

पाया एकदम ओतून वर रोलर फिरवू नका. तीन-तीन इंचांचे थर द्या आणि प्रत्येकावर प्लेट कॉम्पॅक्टर (सपाट तळाचं, थरथरून माल दाबणारं यंत्र) चार-पाच वेळा फिरवा. हातधुमस फक्त कोपऱ्यांपुरता. माल मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी निथळता कामा नये. कोरडा माल बसत नाही, फार ओला माल कॉम्पॅक्टरखाली लिबलिबतो. कॉम्पॅक्टर चालवण्याआधी भूमिगत टाकीचा स्लॅब आणि सांडपाण्याची चेंबरं कुठे आहेत ते चुन्याने आखून घ्या.

कापडाऐवजी प्लास्टिक

खोदलेल्या मातीवर, पायाच्या खाली, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) नॉन-वोव्हन जिओटेक्स्टाइल, म्हणजे न विणलेलं कृत्रिम कापड, अंथरायचं. जोडावर एक फूट चढवायचं. त्यातून पाणी जातं, चिखल वर येत नाही. त्याऐवजी ताडपत्री घातली की पाणी अडतं आणि तिच्यावरचा माल सरकतो. कापड वरच्या खडीच्या लगेच खाली टाकणं हीदेखील चूकच: उतारावर खडी घसरते आणि कापड उघडं पडतं.

पाणी कुठे जाणार, हे न ठरवणं

मुंबईत रस्त्यांवर थरावर थर चढत गेल्याने अनेक जुन्या बंगल्यांचं आवार आता रस्त्यापेक्षा खाली आहे. रस्त्याचं पाणी आत येतं आणि खडी वाहून नेतं. अशा घरी फाटकाच्या रेषेत आडवं गटार आणि त्यावर लोखंडी जाळी हवी, तीही खडीच्या आधी. ड्राइव्हवेला आडवा उतार ५० ला १ ठेवा, म्हणजे १० फूट रुंदीत सुमारे अडीच इंच. तो पायालाच द्यायचा. वरच्या खडीने उतार काढला तर पहिल्या सरीत तो मोडतो.

शोषखड्ड्यावर भिस्त ठेवण्याआधी दोन फुटांचा खड्डा पाण्याने भरून बघा. दुसऱ्या दिवशीही निम्मं पाणी तसंच असेल तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. साचलेल्या पाण्यात आठवडाभरात डास तयार होतात, हा वेगळा ताप.

ग्रिड बसवताना

मधाच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची ग्रिड खडीला जागेवर धरून ठेवते. उतार १० ला १ पेक्षा तीव्र असेल तर ती हवीच. पण कच्च्या पायावर बसवलेली ग्रिड पायासोबतच खचते. दाबलेल्या पायावर इंचभर ग्रिट सपाट करा, त्यावर यूव्ही-रोधक ग्रिड मांडा, १२ मिमी खडी भरा आणि कप्प्यांच्या वर अर्धा इंच खडी राहू द्या. भरल्याशिवाय त्यावर गाडी आणू नका. भिंतीलगत इंचभर फट सोडा, नाहीतर मे महिन्याच्या उन्हात ग्रिड फुगून मधून उचलते.

कडा मोकळ्या सोडल्या तर खडी बाजूला पसरत जाते. जांभ्याचे चिरे किंवा कर्बस्टोन काँक्रीटमध्ये बसवा, माथा खडीपेक्षा इंचभर वर, आणि खालच्या बाजूला दर पाच-सहा फुटांवर पाण्याला फट. खडीवर सिमेंटचं पाणी शिंपडून ती 'पक्की' करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पातळ पापुद्रा गाडीखाली फुटतो आणि मग त्याची ढेकळं वेचत बसावं लागतं.

बिघडल्यावर काय बघायचं

पन्हळ पडली असेल तिथे फूटभर खणा. दगडांत चिखल मिसळलेला दिसला तर कापड नाही किंवा फाटलंय. तेवढा भाग खालपर्यंत उकरून कापडासकट पुन्हा बांधा. पाया कोरडा आणि टणक निघाला तर वरचा थर जाड झालाय किंवा गोट्यांचा आहे. तो २ इंचांवर आणा, नाहीतर खडी बदला. खड्डा बुजवताना कडा उभ्या कापा, मिश्र माल थरांत दाबा. उथळ खळग्यात टाकलेली सुटी खडी दोन दिवसांत बाहेर उडते.

फाटकाजवळच खडी विस्कटत असेल तर गाडी जागीच उभी ठेवून स्टिअरिंग फिरवलं जातंय. तिथे तीन-चार फुटांचा पेव्हरचा पट्टा द्या. स्कूटरचा स्टँड रुततो, त्याला शहाबादी फरशीचा एक तुकडा पुरतो. आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर दाताळ्याने खडी चाकांच्या वाटेवर ओढून घ्या. पाया नीट असेल तर वर्षाला दहा-बारा घमेल्यांहून जास्त नवी खडी लागत नाही.