रेसेटिअर: १३० टक्क्यांचा नाद सोडा

‘रेसेटिअर’ हा दुकानदारीचा व्हिडिओ गेम जपानमध्ये २००७ साली आला, इंग्रजीत २०१० साली. तलवारी, चिलखतं, गिल्ड, भुयारं असं सगळं असलेलं गाव. रेसेट नावाच्या मुलीच्या डोक्यावर बापाचं कर्ज येऊन पडतं आणि वसुलीला आलेली टियर नावाची परी तिला राहत्या घरातच दुकान थाटायला लावते. कर्ज ८,२०,००० पिक्स (हे तिथलं चलन). आठवड्याला एक असे पाच हप्ते: १०,०००, ३०,०००, ८०,०००, २,००,००० आणि ५,००,०००.

माल गिल्डमधून (व्यापाऱ्यांच्या संघातून) नाहीतर बाजारातून उचला. चांगली चीज काचेजवळच्या फळीवर मांडा, ती बघून गिऱ्हाईक आत येतं. दुकान उघडा. इथवर कुणालाही जमतं.

आता भाव. टियर सुरुवातीलाच सांगते, मूळ किमतीच्या १३० टक्के माग. मीही इमानदारीत मागत गेलो. गिऱ्हाईक नाक मुरडायचं, मी थोडं उतरायचो, दुसऱ्यांदा नाही म्हटलं की भवानीच्या वेळीच हात हलवत निघून जायचं. जे पटायचे ते सौदेही रडतखडत. तिसऱ्या हप्त्याला ८०,००० कुठून आणायचे? घर गेलं.

पुढच्या खेळात मी १०४-१०५ टक्क्यांवर आलो. जास्तीचे पंचवीस टक्के सोडायला जिवावर येतं, कबूल. पण मूळ किमतीच्या अगदी जवळचा भाव सांगितला आणि तो पहिल्याच बोलीत पटला, की अनुभवाचे गुण जास्त मिळतात. असे सौदे लागोपाठ पटत गेले की गुण आणखी चढत जातात. दुकानाचा स्तर भराभर वाढतो, नवनव्या सोयी उघडतात. शिवाय ज्याला रास्त भाव मिळतो त्याचा खिसा पुढच्या खेपेला मोठा झालेला असतो. छोटी मुलगी वॉलनट ब्रेड हातात धरून उभी असते तेव्हा तिच्याकडे मुळात पैसेच थोडे असतात. तिथं घासाघीस करून काय उकळणार? दोन पिक्स जास्त सांगा आणि ब्रेड देऊन टाका.

गिऱ्हाइकांत अपवाद एकच, अलुएट. घरची श्रीमंत पोरगी आहे, तिच्याकडून खुशाल वसूल करा. बाकी ‘ह्याला इतके टक्के, त्याला तितके’ असे लांबलचक तक्ते फिरतात, ते पहिल्या खेळात पाठ करायला बसू नका.

मधूनच एखाद्या प्रकारच्या मालाचा भाव चढल्याची किंवा पडल्याची बातमी येते. पडला की गिल्डमधून भरून ठेवा, विकू नका. चढला की फळ्या त्याच मालानं भरा. त्या दिवशी १०५चा नियम गुंडाळून ठेवायचा.

भुयारात लुई नावाच्या लढवय्याला घेऊन जाता येतं, पण त्यात दुकानाचा वेळ जातो, आणि तो पडला तर गोळा केलेलं बहुतेक सामान तिथंच राहतं. हप्त्याच्या आदल्या दिवशी तर भुयाराचं नावच काढू नका.

हप्ता चुकलाच तर खेळ पुन्हा सुरुवातीच्या दिवसांवर येतो, पण सामान आणि दुकानाचा स्तर तुमचाच राहतो. म्हणून बुडणार हे दिसायला लागलं की उरलेल्या रोकडीतून महागातला माल घेऊन कोठार भरून ठेवा.