जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात विकताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या जुन्या घरांत माळा झाडायला काढला की ठरावीक वस्तू निघतात: राणीछाप रुपये, गोव्याहून आलेली पोर्तुगीज नाणी, संस्थानी स्टँपपेपर, पितळी समया, तांब्याची घंगाळं. सराफ चांदीच्या वजनाचा भाव देतो, भांडीवाला मोडीचा. संग्राहक जास्त देतो, पण तो पुण्यात, बेंगळुरूत किंवा कोलकात्यात बसलेला असतो. वस्तू हातात न घेता, फोटो आणि चार ओळी पाहून तो बोली लावतो. जिथं त्याला शंका येते तिथं बोली थांबते. खालच्या बहुतेक चुका अशी शंका उभी करणाऱ्याच आहेत.

घासून लखलखीत करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक लिलावाच्या आधीच, मोरीत होते. चिंच, लिंबू, राख किंवा पितांबरीने घासलेलं नाणं चमकतं, पण भिंगाखाली त्यावर एका दिशेचे बारीक ओरखडे दिसतात आणि उठावाच्या कडा बोथट होतात. संग्राहकाला हा फरक फोटोतही कळतो, आणि मग चांदीच्या भावाच्या वर जाणारी बोली तिथंच अडते. नाणं काळं पडलेलं असलं तरी तसंच ठेवा. माती चिकटली असेल तर साध्या पाण्यात भिजवा, मऊ कापडाने टिपून घ्या, चोळू नका. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात नाणं ठेवू नका. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत त्यातून हिरवट चिकट थर सुटतो आणि तो धातू खातो. मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटं किंवा पुठ्ठ्याचे होल्डर घ्या.

पितळेलाही हेच लागू. समई खरेदी करणाऱ्याला जुना रंग हवा असतो. तेलाची काजळी कोमट पाण्याने काढा, बाकी हात लावू नका.

न तपासता ‘चांदी’, ‘दुर्मिळ’ असं लिहिणं

वजन लिहिलेलं नसेल तर नाण्याची जाहिरात अर्धीच राहते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. ब्रिटिश काळातला पूर्ण रुपया ११.६६ ग्रॅमचा. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी ९१.७ टक्के होती, १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली, आणि १९४७ चा रुपया निकेलचा आहे. निकेल चुंबकाला चिकटतं. तेव्हा १९४७ चा रुपया ‘चांदीचा’ म्हणून विकलात की तक्रार, परतावा आणि वाईट शेरा एकदमच येणार.

‘१८६२ चा रुपया, फार दुर्मिळ’ ही जाहिरात रोज दिसते. प्रत्यक्षात १८६२ हे साल कोरलेले रुपये १८७४ पर्यंत पाडले जात होते, त्यामुळे ते भरपूर आहेत. १९३९ चा रुपया खरोखर कमी आढळतो, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही फार. जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय तो लिलावात ठेवू नका. राम-हनुमानाचं चित्र, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल असलेली नाणी म्हणजे नंतरच्या काळात बनवलेली टोकनं आहेत. कंपनीने तसं नाणं पाडलेलंच नाही. वैष्णोदेवीचं ५ रुपयांचं नाणं लाखाला जातं, ही व्हॉट्सॲपवरची गोष्टही सोडून द्या. तशी ‘ऑफर’ देणारा आधी कमिशन किंवा कर मागतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कुणाकडून शुल्क घेत नाही.

तिकीट कापून काढणं

जुन्या पत्राच्या पाकिटावरचं टपाल तिकीट कापून काढलं की शिक्का, तारीख आणि मार्ग यांचा पुरावा जातो, आणि संग्राहक पैसे त्या पुराव्याचेच देतो. पाकीट अख्खं विका. स्टँपपेपरही तसाच. शहापूरच्या घरात सांगली संस्थानचा कागद सापडला तर नवल नाही, कारण शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानातच होतं. जमखंडी, रामदुर्ग, मुधोळ, कोल्हापूरच्या कागदांनाही गिऱ्हाईक आहे. मोडी मजकूर वाचता येत नसेल तर अंदाजाने काही लिहू नका. स्वच्छ फोटो टाका, घेणारा वाचून घेतो.

जाहिरातीचा मथळा इंग्रजीत लिहा, कारण शोधणारा इंग्रजीतच टाइप करतो. ईबे या परदेशी लिलाव साइटवर मथळ्याला ८० अक्षरं मिळतात. त्यात राज्य, मूल्य, साल, धातू, वजन एवढंच घाला. ‘सुंदर’, ‘अप्रतिम’ असे शब्द कुणी शोधत नाही. बेळगावचा शिक्का असलेल्या पाकिटाला गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंगच (Belgaum) द्या. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, पण शिक्क्यावर जुनंच आहे. बँक, आधार आणि विक्रेत्याचं खातं यांवर मात्र नावाचं आणि गावाचं स्पेलिंग एकसारखं ठेवा, नाहीतर पडताळणीत पैसे अडकतात.

फोटोचं थोडक्यात: सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद, दोन्ही बाजू आणि किनार. खोच, भोक, डाग असेल तर त्याचा जवळून वेगळा फोटो. दोष आधी दाखवला की घेणारा उरलेल्या वर्णनावरही विश्वास ठेवतो.

मूळ बोली चुकणं

इथं नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचं नुकसान इथंच होतं. ईबेसारख्या साइटवर बोली लावणारा आपली कमाल रक्कम गुप्त नोंदवतो, आणि साइट त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवते. समजा मूळ बोली, म्हणजे सुरुवातीचा भाव, ५०० आणि टप्पा, म्हणजे दर बोलीला होणारी वाढ, ५० रुपयांचा. एकाची तयारी २,५०० पर्यंत, दुसऱ्याची १,८०० पर्यंत. वस्तू १,८५० ला जाते. दुसरा आलाच नाही, तर २,५०० द्यायला तयार असलेला माणूस ती ५०० ला नेतो. भाव दुसऱ्या क्रमांकाचा माणूस ठरवतो.

म्हणून दहा जण शोधत असतील अशा वस्तूला (राणीछाप रुपया, नावाजलेल्या कंपनीचं जुनं घड्याळ) मूळ बोली कमी ठेवली तरी चालते; गर्दी जमते आणि भाव वर जातो. एखादाच संग्राहक घेईल अशा वस्तूला, म्हणजे रामदुर्गच्या स्टँपपेपरला, परवडणारा किमान भाव हीच मूळ बोली ठेवा. तो ठरवताना इतरांनी मागितलेले भाव पाहू नका, झालेल्या विक्रीचे पाहा. ईबेवर ‘सोल्ड आयटम्स’चा पर्याय आहे, नाण्यांची लिलावघरंही विक्रीचे भाव छापतात. बोली वाढावी म्हणून मेव्हण्याला बोली लावायला सांगणं हा फसवणुकीचा प्रकार आहे. खातं बंद होतं, आणि ग्रुपवर नाव एकदा गेलं की परत येत नाही.

वेळ आणि नियम न सांगणं

ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली. त्यामुळे देशातले छोटे लिलाव आता मुख्यतः फेसबुक-व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालतात. तिथं पहिल्याच पोस्टमध्ये मूळ बोली, टप्पा, संपण्याची तारीख-वेळ, टपालखर्च कुणाचा आणि पैसे किती तासांत द्यायचे हे लिहा. शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली तर लिलाव ५ मिनिटं पुढं जाईल, आणि एडिट केलेली बोली धरली जाणार नाही, हेही आधीच सांगा. नंतर सांगितलेला नियम भांडण लावतो. रविवारी रात्री ९ ते १० ची वेळ चांगली. गणेश विसर्जनाची रात्र टाळा. एका वेळी दहा लॉट (लिलावातल्या वस्तू) असतील तर प्रत्येकाच्या संपण्यात ३ मिनिटांचं अंतर ठेवा, म्हणजे पहिल्या लॉटवर हरलेला दुसऱ्यावर येतो.

परदेशी गिऱ्हाइकासाठी हिशेब वेगळा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी ६ वाजतात तेव्हा इथं सोमवारची सकाळ ६.३० असते, हिवाळ्यात ७.३०. सात दिवसांचा लिलाव ज्या वेळी सुरू केला त्याच वेळी संपतो, तेव्हा तो सुरूही सोमवारी सकाळीच करा.

विकता न येणारं विकायला काढणं

१९७२ च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षांवरच्या पुरातन वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. नाणीही त्यात आली. महत्त्वाच्या हस्तलिखितांना मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तूंचा धंदा देशातही परवान्याशिवाय करता येत नाही. शेत नांगरताना किंवा पाया खणताना सापडलेलं गाडगं हे गुप्तधन. ते डीसी ऑफिसला (जिल्हाधिकारी कार्यालयाला) कळवावं लागतं. खानापूर-जोयड्याकडच्या घरांत भिंतीवर असलेली सांबराची शिंगं आणि हस्तिदंती फण्या वन्यजीव कायद्यात येतात. त्यांचा फोटोसुद्धा लिलावात टाकू नका.

पैसे आणि पार्सल

पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. तसं सांगणारा ठगच. जमा झाल्याचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम पाहा. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा. जिंकलेला ४८ तासांत पैसे देत नसेल तर एकदा आठवण द्या, मग दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला त्याच्या शेवटच्या बोलीला वस्तू विचारा.

नाणं पाकिटात वाजत असेल तर ते फाडून बाहेर पडतं. होल्डर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये टेपने घट्ट बसवा, वरून प्लास्टिक, आणि विमा उतरवून पाठवा. समईचे आटे खोलून प्रत्येक भाग वेगळा गुंडाळा, नाहीतर दांडा आट्यापाशी वाकतो. कुरिअरवाले आकाराचंही वजन धरतात: ४० × ३० × ३० सेंमीचा खोका भागिले ५,००० म्हणजे ७.२ किलो, आत समई ४ किलोची असली तरी. खोका आधी मोजा, टपालखर्च मग लिहा.

पाठवण्याआधी वस्तूच्या एखाद्या नैसर्गिक खुणेचा, खोचेचा किंवा डागाचा, जवळून फोटो काढून जपून ठेवा. परत आलेलं नाणं तुमचंच आहे की बदललेलं, हे त्या खुणेवरूनच ठरतं.