गाठ गुळगुळीत दिसली की लगेच फायब्रोॲडेनोमा लिहू नका

फायलोड्स ट्यूमर म्हणजे स्तनातल्या गाठींपैकी जेमतेम एक टक्का, तोही नाही. रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटला तो दिसणार नाही, किंवा दिसेल आणि तो फायब्रोॲडेनोमा, म्हणजे स्तनातली नेहमीची निरुपद्रवी गाठ, म्हणून सुटेल. दुसरं जास्त घडतं.

मॅमोग्राफीवर फार वेळ घालवू नका. गोल, दाट, स्वच्छ कडेची सावली दोन्हींत सारखीच. खरी लढाई सोनोग्राफीवर आहे, आणि फसगतही तिथेच. १२ मेगाहर्ट्‌झच्या लिनियर प्रोबखाली जेमतेम ४-५ सेंटिमीटर मावतं. सात सेंटिमीटरच्या गाठीचा मधला तुकडा पाहून रिपोर्ट गेला, की आतल्या चिरा हुकल्याच. नावातलं ‘पान’ तेच: पानासारखे उंचवटे पोकळीत घुसतात, मधे पातळ काळ्या भेगा उरतात. म्हणून फ्रिक्वेन्सी उतरवा, लागलं तर कॉन्व्हेक्स (वक्र तोंडाचा, रुंद दाखवणारा) प्रोब घ्या, मागची कड दिसेपर्यंत थांबू नका. गेन (चित्राचा उजळपणा) थोडा वर-खाली करून पाहा; जास्त गेनमध्ये भेगा भरून जातात. गाठीमागे उजळ पट्टा दिसला म्हणून सिस्ट (पाण्याची गाठ) समजू नका, आतला रक्तप्रवाह बघायला डॉप्लर लावा.

तीन सेंटिमीटरच्या वर, वय चाळिशीच्या आसपास, अलीकडे वाढलेली: एवढं जुळलं तर बायरॅड्स ३ (‘बहुधा निरुपद्रवी’ हा शेरा) देऊन सहा महिने थांबणं चूक. जुना स्कॅन असेल तर त्याच प्रतलात तिन्ही मापं घ्या. सहा महिन्यांत व्यास २० टक्के वाढला की बायोप्सी. ३० मिमीची ३६ झाली तर ‘किंचित वाढ’ लिहितात लोक. तिन्ही बाजूंनी तशी वाढली तर आकारमान ७० टक्क्यांहून जास्त वाढलेलं असतं! तयार टेम्प्लेटवर रिपोर्ट पाडणाऱ्यांना हे कधीच कळत नाही, सीनियर असले तरी.

एफएनएसीवर (बारीक सुईने पेशी ओढून केलेली तपासणी) विसंबू नका. १४ गेजची कोअर (जाड सुईने तुकडा काढणारी बायोप्सी), घन आणि रक्तपुरवठा असलेल्या वेगवेगळ्या भागांतून. फॉर्मवर आकार आणि वाढीचा वेग लिहा, पॅथॉलॉजिस्टला त्याशिवाय अंदाज येत नाही. कोअरमध्ये फायब्रोॲडेनोमा आला आणि गाठ वाढतेच आहे, तर ‘विसंगत’ असं स्पष्ट लिहून एक्सिजन (भोवतालच्या थोड्या उतीसकट गाठ कापून काढणं) सुचवा. नाहीतर सर्जन ती नुसती सोलून काढतो, आणि ती परत येते.

घाबरू मात्र नका. बहुतेक फायलोड्स बिनाइन (कर्करोग नसलेले) असतात, आणि ग्रेड, म्हणजे ट्यूमर किती आक्रमक ते, सांगणं इमेजिंगचं काम नाही. एमआरआयनेही ते खात्रीने होत नाही. काखेतल्या लसिका-गाठी बहुधा रिॲक्टिव्ह, म्हणजे नुसत्या सुजलेल्या, निघतात. मॅलिग्नंट (कर्करोगी) आला तर सीटी छातीचा करा, कारण पसरतो तो रक्तातून, फुप्फुसाकडे.